टॉपच्या पुढचा गिअर किती लांब असावा?

लेखमाला : गिअरबॉक्सची गणितं – भाग सहावा

मागच्या भागात आपण पहिल्या चार गिअरमधली अंतरं पाहिली आणि चौथ्यापाशी थांबलो. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशा पारंपरिक मांडणीत चौथा गिअर बहुधा थेट असतो, म्हणजे १.००. इंजिनाची एक फेरी झाली की मागे जाणाऱ्या शाफ्टचीही एकच फेरी होते आणि मधल्या दात्यांवर भार येत नाही. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी चार गिअरचीच होती आणि तेव्हाच्या रस्त्यांना तेवढे पुरत. मोकळे, लांब रस्ते आले तशी चौथ्याच्या पुढची गरज भासू लागली. या पुढच्या गिअरचा आकडा एकच्या खाली असतो. ०.८० म्हणजे शाफ्टच्या एका फेरीसाठी इंजिनाच्या ०.८ फेऱ्या. यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. चारशे अश्वशक्तीच्या मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये हा आकडा किती ठेवावा, एवढाच आजचा प्रश्न.

आकडे आले कुठून?

ओव्हरड्राइव्ह ही जुनीच युक्ती. ब्रिटनमध्ये लेकॉक कंपनीने १९४८च्या सुमारास गिअरबॉक्सच्या मागे बसणारं, विजेच्या बटणावर चालणारं वेगळं युनिट बाजारात आणलं. पुढे हे काम गिअरबॉक्सच्या आतच पाचव्या-सहाव्या गिअरवर सोपवलं गेलं. १९९२च्या डॉज व्हायपरमध्ये आलेला टी-५६ हा सहा गिअरचा बॉक्स आजही अशा गाड्यांसाठी मापदंड मानतात. त्याचे प्रसिद्ध आकडे असे : २.६६, १.७८, १.३०, १.००, ०.७४ आणि ०.५०.

यातला ०.५० नीट पाहा. व्हायपरचं इंजिन आठ लिटरचं, दहा सिलिंडरचं. त्याला हजार-बाराशे आरपीएमलाही भरपूर टॉर्क असायचा. शिवाय अमेरिकेत जादा पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर वेगळा कर आहे आणि तो ठरतो सरकारी चाचणीतल्या अ‍ॅव्हरेजवर. त्या चाचणीत चांगला आकडा यावा म्हणून १९८९च्या सहा गिअरच्या कॉर्वेटमध्ये एक चलाखी केलेली होती : हळू चालवताना पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला गेलं की गिअर थेट चौथ्यात जायचा. लांबलचक सहावा गिअर त्याच हिशेबातला. आपण बॉक्स निवडताना हेच आकडे उचलतो, पण ज्या इंजिनासाठी आणि ज्या करासाठी ते ठरले, ते इंजिन आणि तो कर आपल्याकडे नसतो.

विकास नगरहून आग्र्याकडे

हिशेब एका खऱ्या वाटेवर मांडू. लखनौच्या उत्तरेकडचं विकास नगर. घरातून निघून टेढी पुलियाच्या गर्दीतून कुर्सी रोडला लागायचं, शहराला वळसा घालणाऱ्या किसान पथाने मोहान रोडच्या बाजूला यायचं आणि आग्रा–लखनौ द्रुतगती मार्ग धरायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये उद्घाटन झालेला हा मार्ग ३०२ किलोमीटरचा, सहापदरी. उद्घाटनाच्या वेळी उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊजवळ त्याच्या एका तुकड्यावर हवाई दलाची लढाऊ विमानं उतरवली होती, इतका तो सरळ आणि सपाट आहे. गंगेचं मैदान, चढ जवळपास नाहीच.

गाडी धरू चारशे अश्वशक्तीची, १,६०० किलोंची. मागचे टायर २७५/४० आर १८, डिफरन्शियल ३.७३. या टायरचा कागदावरचा घेर २.१३ मीटर, पण गाडीच्या वजनाने तो थोडा दबतो. चालता घेर २.०६ मीटर धरू. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८०९ फेऱ्या मारतं. त्याला ३.७३ने आणि मग गिअरच्या आकड्याने गुणलं की इंजिनाचे आरपीएम मिळतात :

१.०० – ३,०१८
०.८० – २,४१४
०.६८ – २,०५२
०.५० – १,५०९

ताशी १२०ला हेच आकडे अनुक्रमे ३,६२१, २,८९७, २,४६२ आणि १,८११ होतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना १००ची मर्यादा आहे, समृद्धीवर १२०ची. म्हणजे टॉप गिअरचं खरं काम या वीस किलोमीटरच्या पट्ट्यातच आहे. उत्तर प्रदेशात हिवाळ्यातल्या धुक्यात तर मर्यादा आणखी खाली आणतात. ताशी ८०ला ०.५०मध्ये इंजिन १,२०७वर येतं आणि बहुतेक इंजिनं तिथे घरघरू लागतात.

इंजिनाला काय झेपतं?

सपाट रस्त्यावर ताशी १००ने जायला अशा गाडीला फार तर वीस-बावीस अश्वशक्ती लागते. उरलेली पावणेचारशे बसून असते. मग ओव्हरड्राइव्हने पेट्रोल का वाचतं? तेवढीच शक्ती ३,००० आरपीएमला काढायची तर थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवावा लागतो आणि इंजिनाची बरीच मेहनत त्या फटीतून हवा ओढण्यात जाते. आरपीएम २,०००वर आणले की थ्रॉटल जास्त उघडतो, ही ओढाताण कमी होते, पिस्टन-रिंगांचं घर्षणही घटतं. ओव्हरड्राइव्हमध्ये ओढ पुन्हा दात्यांच्या दोन जोड्यांतून जाते, तिथे थोडं नुकसान होतं. पण हा फायदा त्याच्यापेक्षा मोठा असतो.

फायद्याला तळ मात्र आहे. वर दिलेल्या वेगाला १,५०० आरपीएमवर साधारण १०५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. साडेपाच-सहा लिटरच्या व्ही-८ला हे काहीच नाही. दोन लिटरच्या टर्बो इंजिनात मात्र त्या आरपीएमला टर्बोने अजून जोर धरलेला नसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नुसता आवाज वाढतो, गाडी उचलत नाही. इंजिनात जास्त ताकदीची, लांब ओव्हरलॅपची कॅमशाफ्ट बसवली असेल तर दोन हजारांखाली गाडी हिसके देते. अशा इंजिनाला लांब टॉप गिअर दिला तर चालक तो वापरतच नाही. तो चौथ्यात किंवा पाचव्यात गाडी दामटतो आणि अ‍ॅव्हरेज उलट घसरतं.

घाट आला की

आता हीच गाडी बोरघाटात आणा. तीन टक्क्यांचा चढ लागला तर ताशी १००ला १,६०० किलोंसाठी आणखी सुमारे १३ किलोवॉट लागतात. सपाटीवरची गरजच १५च्या आसपास होती, म्हणजे ती जवळपास दुप्पट झाली. ०.५०मध्ये गाडी इथे दम टाकते, ०.६८मध्ये इंजिन दमदार असेल तर निभावते, ०.८०मध्ये चालकाला चढ लागलेला कळतही नाही. विकास नगरच्या माणसाला तीनशे किलोमीटर सपाट मिळतात. त्याला लांब ओव्हरड्राइव्ह परवडतो. पुणेकराला दर आठवड्याला खंडाळा चढायचा असेल तर परवडत नाही.

मधली दरी

बाजारात पाच गिअरचे असे बॉक्स मिळतात, ज्यांत चौथा १.०० आणि पाचवा ०.६८ किंवा ०.८१ अशी निवड असते. दोन्हींतला फरक ट्रॅकवर जाणवतो. ६,०००ला गिअर बदलला तर ०.६८मध्ये इंजिन ४,०८०वर कोसळतं, ०.८१मध्ये ४,८६०वर राहतं. रेसिंगसाठी दुसरा, प्रवासासाठी पहिला. सहा गिअर असतील तर ०.७४चा पाचवा ही दरी भरतो आणि सहावा निवांत प्रवासाला मोकळा राहतो.

डिफरन्शियल विसरून हा आकडा ठरवता येत नाही. ३.७३ गुणिले ०.७१ आणि ३.३१ गुणिले ०.८०, दोन्हींचा गुणाकार २.६५च येतो, टॉपला दोन्ही गाड्या सारख्याच धावतील. पण पहिला गिअर २.८७चा असेल तर एकीत तो १०.७ होतो, दुसरीत ९.५. सिग्नलवरून सुटताना हा फरक क्लच प्लेटला भोगावा लागतो.

इंजिन आडवं असलेल्या गाड्यांत आणखी एक खबरदारी. दिलीप छाब्रियांनी २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली, महाराष्ट्रात घडलेली डीसी अवंती दोन लिटर टर्बो, २५० अश्वशक्ती आणि सहा गिअरची मॅन्युअल होती. आडव्या इंजिनाच्या दोन-शाफ्ट गिअरबॉक्समध्ये थेट गिअर नसतोच. प्रत्येक गिअरला ओढ दात्यांतूनच जाते. तिथे आकडा एकच्या वर की खाली, याला अर्थ नाही. फायनल ड्राइव्हशी गुणाकार काय येतो, तेवढंच पाहायचं.

कमाल वेगाचा मोह

‘लांब गिअर म्हणजे जास्त टॉप स्पीड’ हा समज सोडून द्या. हवेचा अडसर पाहता आपल्या उदाहरणातली गाडी ताशी २९०च्या आसपास थांबेल. ३.७३वर ६,५०० आरपीएमला ती तिथे पोचते ०.७४मध्ये. ०.५० टाकला तर इंजिन शक्तीच्या शिखराखाली येतं आणि वेग घटतो. व्हायपरची कमाल धाव सहाव्यात नव्हे, पाचव्यात निघायची, ती याचमुळे. हा वेग कायदेशीरपणे पाहायचाच असेल तर त्यासाठी इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग आहे. जून २०२१ मध्ये प्रकाश जावडेकरांनी त्याचं उद्घाटन केलं.

निवाडा

आपल्या रस्त्यांवर, ३.७३च्या डिफरन्शियलसह, मोठ्या व्ही-८ला शेवटचा गिअर ०.६४ ते ०.६८. छोट्या टर्बोला किंवा तेज कॅमच्या इंजिनाला ०.७५ ते ०.८०. घाटात रोज जायचं असेल तर याच पट्ट्यातला वरचा आकडा. ०.५० त्यांच्यासाठीच, ज्यांचं इंजिन १,५००ला विनातक्रार ओढतं आणि वाट सपाट आहे. गिअरबॉक्सची ऑर्डर देण्याआधी आपल्या टायरचा चालता घेर स्वतः मोजा, नेहमीचा वेग प्रामाणिकपणे लिहा, वरचा गुणाकार करा. उत्तर १,८००च्या खाली आलं तर आधी इंजिनाचा टॉर्कचा आलेख पाहा, मगच पैसे भरा.

पुढच्या आठवड्यात : क्राउन-पिनियन बदलायचं की गिअरबॉक्स?