बाभळीचा रंधा

घरी पाहुणा आला की आपण लगबगीने खुर्ची पुढे करतो. ती खुर्ची ज्या हत्यारांनी घडली त्यांना मात्र बैठक मिळते वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. यंदा त्या दिवशी मी चांदवडला होतो. होळकरांच्या रंगमहालातले कोरीव लाकडी खांब डोळे भरून पाहिले आणि येताना एका म्हाताऱ्या सुताराच्या ओट्यावर टेकलो. आत वाकस, किंकरे, पटाशी, करवत, सामता अशी सारी मंडळी हळदकुंकू लावून, झेंडूच्या फुलांत विराजमान झाली होती. मधोमध बाभळीचा रंधा! हातांच्या घामातेलाने काळाभोर झालेला.

"हा कुठं विकत घेतलात, बाबा?"

"विकत?" म्हातारा हसला. "लोहाराकडून पातं तेवढं आणायचं. बाकी लाकूड आपलं, हात आपला."

सुताराने आपले हत्यार आपणच घडवायचे, ही जुनी रीत. रंध्याला बाभूळ का, तर ती चिवट आणि झिजायला कठीण. पाते लाकडी पाचरीने आवळलेले असते. ते खाली सरकवायचे तर पात्याच्या माथ्यावर हलकीशी टिचकी आणि ढिले करायचे तर रंध्याच्या मागच्या टोकावर ठोका. स्क्रू नाही की चावी नाही. लाकडावर लाकूड कसे हलके सरकते! पावसाळ्यात मात्र रंध्याचा तळ हवा खाऊन थोडा वाकतो. तो पुन्हा सपाट करून घ्यावा लागतो. लोखंडी रंध्याला ही कटकट नाही. अमेरिकेत लिओनार्ड बेली याने लोखंडी रंध्याच्या युक्त्या काढल्या. १८६९ साली स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि ते रंधे जगभर गेले. चांदवडच्या या ओट्यावरही एक आहेच. म्हाताऱ्याच्या मते तो 'चांगला, पण जड'.

खुर्ची हे काम मात्र वेगळेच. हा शब्दच आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला. आपला सुतार पाट, चौरंग, पाळणे करणारा. चौरंगाला सगळीकडे काटकोन, म्हणजे गुण्या लावला की निभावले. खुर्चीचे मागचे पाय कलते, बैठक पुढे रुंद आणि मागे निमुळती. तिथे गुण्या काय करणार? म्हणून म्हाताऱ्याच्या वडिलांनी मागच्या पायाचा एक फर्मा फळीतून कापून ठेवला आहे. तो कलंडता ठेवून पायाचा बाक आखायचा, त्यावरूनच आडव्या पट्टीच्या कुसवाचा तिरपेपणा धरायचा. कुसू भोकात हातोडीच्या चार ठोक्यांत बसले पाहिजे. दोनच ठोक्यांत बसले तर ढिले, आठ लागले तर पाय उकलतो.

व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने १८५९ साली हा सांध्यांचा खटाटोपच टाळला. वाफेने लाकूड वाकवून त्याने सहा तुकड्यांची खुर्ची केली. मुंबईच्या इराण्याकडे चहा पिताना आपण तिच्याच जातीच्या खुर्चीवर बसलेलो असतो. म्हाताऱ्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "मोडली तर दुरुस्त कशी करतात?" याचे उत्तर मला सुचले नाही.

त्याचा मुलगा नाशिकला स्वयंपाकघरांची कपाटे बसवतो. प्लायवूड, विजेचा रंधा, ठरलेली मजुरी. "अख्ख्या दिवसात एक खुर्ची होत नाही, पोट कसं भरायचं?" हे त्याचे म्हणणे खोटे कोण म्हणेल? आता हमरस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलचा सजावटकार येऊन गेला आहे. त्याला हा बाभळीचा रंधा, वाकस आणि सामता हवेत. जेवणाऱ्यांच्या समोर भिंतीला टांगायला. देऊ केलेली रक्कम म्हाताऱ्याच्या दोन महिन्यांच्या कमाईहून अधिक आहे. मुलगा म्हणतो द्या, सुनेचे मत तेच. म्हातारा अजून गप्प आहे.

गंमत अशी की फर्म्याकडे सजावटकाराने ढुंकूनही पाहिले नाही. साधी, भोके पडलेली फळी ती! मुलाने मात्र मागच्या भेटीत ती प्लायवूडवर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवून घेतली. का, ते सांगितले नाही, आणि बापानेही विचारले नाही.

सजावटकार दिवाळीनंतर पुन्हा यायचा आहे. "द्यायचाच झाला तर पूजा उठल्यावर पातं काढून घेईन," म्हातारा म्हणाला. "भिंतीला पातं कशाला?"