पाच किलोमीटरचा रस्ता, बावीस वर्षांचा दावा

22 एप्रिल 2003 ची गोष्ट. साखर कारखान्यातला एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. उस्मानाबादच्या नुकसानभरपाई आयुक्तांनी (तिथे हे काम दिवाणी न्यायाधीशांकडे होतं) कुटुंबाला 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केलं. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण माणूस कामावर पोचलाच नव्हता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला.

कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात चूक कोणाची हे शोधत बसावं लागत नसे. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढं दाखवलं की मालक देणं लागत असे. मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या वकिलाचा सगळा जोर म्हणून या ‘काम चालू असताना’वरच असे. घर ते कारखाना हा प्रवास त्यात धरायची तरतूद 2010 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात आली. नुकसानभरपाईच्या कायद्यात मात्र कोणी ती घातली नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन कामगार पडले, तर विमा योजनेतल्याला संरक्षण आणि दुसऱ्याच्या घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद मुळातला अर्थ स्पष्ट करणारी ठरवून दोन्हीकडे लागू केली. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती थेट लिहिलेलीच आहे. अर्थात वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवावा लागतोच. वाटेत लग्नाला वळलेल्याला ती तारेल असं नाही.

दावा तीन महिन्यांत निकाली काढा, असं जुन्या कायद्यातल्या 2009 च्या दुरुस्तीने सांगितलं. मुदत पाळली नाही तर पुढे काय, हे काही सांगितलं नाही. 2017 मध्ये, कामावर घेतानाच कामगाराला भरपाईचा हक्क लेखी कळवायची सक्ती मालकावर आली, न कळवल्यास 50 हजार ते एक लाख दंड. ठेकेदाराच्या माणसांना असा कागद किती ठिकाणी मिळाला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

खरी मेख पगाराच्या मर्यादेत आहे. मृत्यू झाल्यास निम्मा पगार गुणिले वयानुसारचा गुणांक, असा हिशेब असतो. पण 25 हजार पगार असला तरी, जानेवारी 2020 मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार, धरायचे 15 हजारच. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक 207.98. म्हणजे 15,59,850 रुपये. पूर्ण पगार धरला असता तर 25,99,750. दहा लाखांवरचा हा फरक कोणत्याही कोर्टात भांडून मिळत नाही, कारण मर्यादा केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ठरते. त्याआधीची 8 हजारांची मर्यादा 2010 ची होती. मधली जवळपास दहा वर्षं महागाई वाढत गेली, आकडा हलला नाही.