डागांवर टी ट्री? जरा थांबा!

मढहून ओतूरला कॉलेजला जाताना एसटीची वाट बघत उन्हात उभे राहता आणि रात्री मुरुमांच्या डागांवर टी ट्री ऑइल चोळता? मग हे वाचाच.

हे तेल ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं; आपल्या चहाशी त्याचं काही नातं नाही. ते जंतू मारतं. १९९० मध्ये तिकडे १२४ जणांवर झालेल्या अभ्यासात ५ टक्के टी ट्री जेलने मुरूम कमी झाले, पण बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा हळूहळू. लक्षात घ्या, मुरूम कमी झाले! काळा डाग म्हणजे मुरूम बरा होताना त्वचेत साठलेलं मेलॅनिन. जंतू मेले म्हणून ते जात नाही. उलट तेल थेट बाटलीतून लावलं आणि त्वचा जळजळली, तर नवा डाग पडू शकतो. उघडी राहिलेली जुनी बाटली तर आणखी त्रासदायक.

मग करायचं काय? मुरूम फोडू नका. घराबाहेर पडण्याआधी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा. टोपी, ओढणी आहेच. डाग फिकट व्हायला काही महिने लागतात, धीर धरा. खड्डे मात्र कुठल्याच तेलाने भरत नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनाच गाठा.