हरवलेल्या चित्रांचा माग

वेबपानावर दिसणारे चित्र पुष्कळदा त्या पानासोबत साठवलेले नसतेच. पानात असतो केवळ चित्राचा पत्ता. मूळ फाइल दुसऱ्याच सर्व्हरवर असते. तो सर्व्हर बंद पडला की मजकूर शाबूत राहतो आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते. २०१७ साली चित्रे साठवण्याची सेवा देणाऱ्या फोटोबकेटने आपल्याकडची चित्रे इतर संकेतस्थळांवर दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा दुरुस्ती-जोडणीची असंख्य सचित्र टिपणे एका फटक्यात निरुपयोगी झाली. लोकांनी हौसेने, फुकट वाटलेले ते ज्ञान होते. २०१९ मध्ये तशीच सेवा देणारे टायनीपिक तर बंदच झाले.

शोध पत्त्यापासूनच सुरू करावा. रिकाम्या चौकटीवर माउसचे उजवे बटण दाबून चित्राचा पत्ता कॉपी करावा आणि तो जुनी वेबपाने जतन करणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये टाकावा. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या इंटरनेट आर्काइव्हचे हे दालन २००१ पासून सर्वांना खुले आहे. पान आणि चित्र यांच्या नोंदी वेगवेगळ्या दिवशी झालेल्या असू शकतात. म्हणून जतन केलेल्या पानात चित्र दिसले नाही, तरी त्याचा पत्ता स्वतंत्रपणे तपासावाच. बहुतेक जण नेमके इथेच हार मानतात. एखादी लहान प्रत सापडली, तर ती टिनआयसारख्या चित्रशोधात टाकून मोठी प्रत मिळू शकते.

कुठेच नोंद झाली नसेल, तर मूळ चित्रकर्त्याला विचारणे एवढाच मार्ग राहतो. म्हणून उपयोगाचे पान दिसताच वेबॅक मशीनमध्ये ते आजच जतन करून ठेवावे.