गोंगाटावरील निबंध

फोंड्यातील आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव सध्या इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेची तयारी करीत आहेत. शिक्षणासाठी परदेशी जावयाचे, तर ही परीक्षा देणे प्राप्तच आहे. परवा त्यांच्या घरी गेलो असता त्यांची वही आमच्या हाती पडली. एका पानावर 'दैनंदिन गोंगाट' आणि समोरच्या पानावर 'यंत्रांचे व्यसन' असे दोन विषय होते, व दोहोंखाली तयार उत्तरे सुवाच्य अक्षरात उतरविलेली होती. गोंगाटामुळे एकाग्रता भंग पावते, मोबाइलचा अतिवापर आरोग्यास अपायकारक आहे, इत्यादी. त्याच वेळी शेजारच्या मंडपातील ध्वनिक्षेपक असा गर्जत होता की, चहा घेणार काय हे विचारण्यासाठीही यजमानांना हातवारे करावे लागत होते. चिरंजीवांनी खिडकी लावून घेतली, कानांत कापसाचे बोळे सारले आणि ते मोबाइलवर पुढील उत्तर शोधू लागले!

त्या मुलाला हसण्याचा आमचा हेतू नाही. 'आयईएलटीएस' या परीक्षेतील तोंडी भाग उणापुरा 11 ते 14 मिनिटांचा असतो. तेवढ्या अवधीत उमेदवाराची भाषा जोखावयाची, म्हणून ज्यांवर प्रत्येकाला स्वतःचे असे काही सांगता येईल, तेच विषय काढले जातात. आणि नेमके तेथेच आमची मुले दुसऱ्याचे पाठ केलेले सांगतात. दोष मुलांचा म्हणावा, तर या विषयांवर त्यांच्याशी घरच्या भाषेत कधी चार वाक्येही न बोललेल्या आम्हां वडीलधाऱ्यांचे काय?

शब्द पाठ होतात, त्यांचे वजन कळत नाही. इंग्रजीतील 'नॉइज' हा शब्द मळमळ या अर्थाच्या 'नॉशिया' या लॅटिन शब्दापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. 'ॲडिक्ट' हा शब्द तर रोमन कायद्यातला. कर्ज फेडता न आल्यामुळे न्यायाधिकाऱ्याने सावकाराच्या स्वाधीन केलेला ऋणको, तो 'ॲडिक्टस'. मोबाइलपुढे मान घालून बसलेल्या माणसाचे याहून नेमके वर्णन कोणते करावे? आपला 'व्यसन' हा शब्दही असाच भारदस्त. संस्कृतात त्याचा अर्थ संकट असाही होतो, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण अशा व्यसनांनाच वाहिलेले आहे. मनुस्मृतीत दहा कामज व्यसने सांगितली आहेत. त्यांत द्यूत आहे, परनिंदा आहे, गाणे, नाचणे, वाजविणे आहे आणि 'वृथाट्या' म्हणजे निष्कारण भटकणेही आहे. हे सारे आता एका तळहाताएवढ्या काचेत मावते, आणि भटकण्यासाठी उंबरठासुद्धा ओलांडावा लागत नाही.

गोंगाटाचे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण तेथे व्यसन एकाचे आणि भोग दुसऱ्याचा. आवाज म्हणजे गोंगाट नव्हे, हे गोमंतकीयांना सांगावयास नको. पहाटे पोदेराच्या सायकलीचा भोंगा, मासळीवालीची हाळी, चवथीच्या आरतीतील घुमट, शिगम्यातील ढोल-ताशे यांवाचून आपली वर्षे सरत नाहीत. परंतु घुमट वाजविणारा दमला की घुमट थांबते. ध्वनिक्षेपक दमत नाही. देवळापुढील रात्रभर रंगणारी नाटके पूर्वी ध्वनिक्षेपकावाचून होत असत आणि नटाचा आवाज शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचे. हणजुणे-वागातोर भागातील रात्रीच्या संगीताविरुद्ध लोक उच्च न्यायालयात गेले तेव्हा आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. तोच काटा आपल्या जत्रेच्या मंडपाला लावा म्हटले की मात्र धर्म आडवा येतो. हा दुटप्पीपणा झाला, आणि तो आपल्याच घरातला असल्यामुळे आम्ही तो बोलून दाखवीत आहोत.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. इस्पितळे, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावरील ध्वनिक्षेपक बंद. सणउत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षाकाठी फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. डेसिबलचे गणितही साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे 55 च्या जागी 75 झाले, तर 'थोडा आवाज वाढला' असे नव्हे, तीव्रता शंभरपट झाली.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजी जो निकाल दिला, त्याच्या मुळाशी एक बातमी होती. जानेवारी 1998 मध्ये वृत्तपत्रांतून आलेली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी फोडलेला टाहो शेजारच्या ध्वनिक्षेपकावरील संगीतात बुडून गेला. त्याच दिवशी संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. एका अभियंत्याने याचिका केली, आणि घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्कात शांतपणे जगणेही येते, इच्छा नसलेल्याला ऐकावयास लावण्याचा हक्क कोणालाही नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. वहीतील तयार उत्तरात ही मुलगी कोठेच नव्हती.

मोबाइलविषयी कायदा काय करणार? वैद्यकाने आपले काम केले आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स'मध्ये 2014 पासून या व्यसनासाठी स्वतंत्र चिकित्सा सुरू झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात व्हिडिओ खेळांच्या व्यसनाला विकार म्हणून जागा मिळाली. परंतु आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली केलेले काम. सायंकाळी 7 वाजता देवळावरील भोंगा वाजावयाचा आणि दीड तास घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहावयाचे, असे गावाने ठरविले. मुलांचे पुस्तक उघडावे म्हणून मोठ्यांची मालिकाही बंद, हे त्यातील मर्म. शांतता आणावयाची तर भोंगा वाजवावा लागतो, ही गंमत निराळीच.

निघताना आम्ही चिरंजीवांना विचारले, "खरी शांतता तुम्ही शेवटची केव्हा ऐकली, असे परीक्षकाने विचारले तर?" वहीत ते उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काका, गेल्या आषाढात दोन दिवस वीज गेली होती. मोबाइलही विझला होता. रात्री आजीजवळ बसून पागोळ्यांचा आवाज ऐकला." हेच सांगा, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांनी विचारले, "पण पागोळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात?"

तो शब्द आम्हांलाही चटकन आठवला नाही.