संगणकात काय शिरते, यावर आपला पहारा हवा

मुलांच्या अभ्यासासाठी आता आपल्या घरांतही संगणक येऊ लागला आहे. कुणी जुना घेतो, कुणी हप्त्याने नवा. पण त्यात घालायचे सॉफ्टवेअर आणायचे कुठून? ओळखीचा कुणी पेन ड्राइव्हवर काहीतरी आणून देतो, नाही तर इंटरनेटवर दिसेल ते बटण दाबले जाते. मग फुकटच्या मालाबरोबर व्हायरसही घरात येतो आणि दुरुस्तीला पदरचे पैसे जातात.

यावर चांगला उपाय आहे. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधलेले गाठोडे. पॅकेज मॅनेजर म्हणजे ती गाठोडी आणणारा, तपासणारा, लावणारा आणि नको झाली की काढणारा कारभारी.

डेबियन ही मोफत संगणक-प्रणाली इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. तिच्या भांडारात ६० हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. १९९९ च्या आवृत्तीपासून तिच्यात 'ॲप्ट' हा कारभारी आहे. डेबियनवरच उभारलेल्या उबुंटूतही तोच काम करतो.

वापर सोपा आहे. 'सुडो ॲप्ट अपडेट' या आज्ञेने भांडाराची ताजी यादी येते. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिब्रेऑफिस' म्हटले की पत्रे आणि हिशेब लिहिण्याचे साधन बसते. त्याला लागणारी इतर पॅकेजेही ॲप्ट स्वतःच आणतो. 'सुडो ॲप्ट अपग्रेड'ने बसवलेल्या साऱ्या पॅकेजांच्या नव्या दुरुस्त्या मिळतात. नको असेल ते 'रिमूव्ह'ने काढावे. या आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात.

ॲप्ट भांडाराची डिजिटल सही तपासतो. वाटेत कुणी माल बदलला, तर तो घेत नाही. पण सही खरी असली, तरी माल बांधणाराच दगाबाज निघाला तर? मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या पॅकेजात चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने मदतनीस बनून आधी दोन-एक वर्षे विश्वास कमावला होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि कट उघडा पाडला. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत तो माल पोचला होता. लोकांसाठीच्या स्थिर आवृत्तीत मात्र नव्हता.

म्हणून आम्ही पालकांना सुचवतो की, घरच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच ठेवा आणि अधिकृत भांडाराबाहेरचे पॅकेज सहसा घेऊ नका. विंडोज असेल, तर त्यासाठीही मायक्रोसॉफ्टचा 'विंगेट' आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून अपडेट आणि अपग्रेड करा. कोणती आज्ञा कशासाठी, हे त्यांच्याकडूनच समजून घ्या. त्यात त्यांचा अभ्यास होईल आणि आपला पैसाही वाचेल.