राजाची बाही धरली तेव्हा

चर्च ऑफ स्कॉटलंडच्या 2025 च्या जनरल असेंब्लीत राजाच्या प्रतिनिधी म्हणून लेडी एलिश अँजिओलिनी बसल्या आणि बातम्यांत एकच मुद्दा गाजला, त्या कॅथलिक असल्याचा. कॅथलिकांना या पदापासून दूर ठेवणारी 1829 ची तरतूद त्यासाठी संसदेला बदलावी लागली. पण त्या बसल्या कुठे, हे अधिक बोलकं आहे. राजप्रतिनिधीचं आसन वरच्या सज्ज्यात असतं आणि तो सज्जा असेंब्लीबाहेरचा मानला जातो. मान मिळतो, भाषण करता येतं. निर्णयात वाटा नसतो.

हे अंतर भांडून मिळवलेलं आहे.

सप्टेंबर 1596. फॉकलंडच्या राजवाड्यात सहावा जेम्स पाळकांच्या शिष्टमंडळावर भडकला होता. त्यांच्यातला जेम्स मेलव्हिल नरमाईने बोलू लागला, तोच त्याचा काका अँड्र्यू पुढे सरसावला. राजाची बाही धरून त्याने तोंडावर सुनावलं, की स्कॉटलंडात राज्यं दोन आहेत आणि ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स राजा नाही, नुसता एक सभासद आहे. पुतण्याने हे रोजनिशीत टिपून ठेवलं.

जेम्सला धोका बरोबर कळला. या पाळकांच्या प्रेस्बिटेरियन पद्धतीत पाळक आणि मंडळीचे वडील एकत्र बसून कारभार पाहतात. राजाने नेमलेल्या बिशपला तिथे जागाच नाही. बिशप गेले तर राजाही जाईल, असं तो इंग्लंडचाही राजा झाल्यावर, 1604 मध्ये, बोलून गेला. अँड्र्यूला त्याने पुढे लंडनला बोलावून टॉवरमध्ये डांबलं.

मुलगा पहिला चार्ल्स त्याहून हटवादी. 1637 मध्ये त्याने असेंब्लीला न विचारता नवं प्रार्थनापुस्तक लादलं. एडिनबरात दंगल उसळली, आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या असेंब्लीने बिशपपदच रद्द केलं. त्यातून पेटलेल्या लढाईला पैसा हवा म्हणून चार्ल्सला 11 वर्षांनी पार्लमेंट बोलवावं लागलं. इंग्लंडच्या यादवीची मुळं फक्त लंडनात शोधणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा.

1690 मध्ये बिशप कायमचे गेले, तरी पाळक कोणी नेमायचा हा वाद उरलाच. 1712 च्या कायद्याने तो हक्क जमीनदारांच्या आणि राजसत्तेच्या हाती दिला होता. 18 मे 1843 रोजी मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, डेव्हिड वेल्श यांनी असेंब्लीत निषेधपत्र वाचलं, राणीच्या प्रतिनिधीला लवून अभिवादन केलं आणि ते बाहेर पडले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी पगार आणि राहती घरं सोडली. त्यांनी उभारलेल्या फ्री चर्चला मुंबईचे मिशनरी जॉन विल्सनही जाऊन मिळाले. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच शाळेतून वाढलं.